टर्मिनलं मोजून वायू मिळत नाही

भारतात नैसर्गिक वायूची चर्चा निघाली की दोन आकडे हमखास येतात: २०३० पर्यंत ऊर्जेत वायूचा वाटा १५ टक्के, आणि एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला वायू) जहाजांतून उतरवून पुन्हा वायू करणाऱ्या टर्मिनलांची वाढती संख्या. जर्मनीत राहून हे वाचताना काळजी वाटते, कारण हा देशही अशाच मोजणीवर विसंबून होता.

युरोपीय संघात 'एन वजा एक' ही कसोटी लावतात. सीमेवरच्या पाइपलाइन, देशी विहिरी, भूमिगत साठे, टर्मिनलं अशा सगळ्या वाटांची रोजची क्षमता मिळवायची. त्यातून सर्वांत मोठी वाट वजा करायची आणि उरलेल्यात वीस वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या कडाक्याच्या दिवसाची मागणी भागते का, ते पाहायचं. जर्मनी यात आरामात पास होत होता. पण २०२२ मध्ये हातचा गेला तो विक्रेता, म्हणजे रशिया. रेडेनचा देशातला सर्वांत मोठा भूमिगत साठा रशियाच्या सरकारी वायू कंपनीच्याच, गाझप्रोमच्या, गटाकडे होता आणि २०२१-२२ च्या हिवाळ्यात तो जवळजवळ रिकामा होता. कसोटीने पाइप मोजले होते, वायू कुणाचा हे मोजलंच नव्हतं.

भारत जवळपास अर्धा वायू आयात करतो. एलएनजीचा सर्वांत मोठा पुरवठादार कतार, आणि त्याची जहाजं पर्शियन आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडतात. ती गुजरातेतल्या दहेजला लागोत की कोचीला, हिशेबात वाट एकच. शिवाय टर्मिनल उभं राहिलं म्हणजे वायू पोहोचला, असंही नाही. कोची २०१३ मध्ये सुरू झालं, मंगळुरूपर्यंतची पाइपलाइन २०२१ मध्ये. दाभोळला लाटरोधक बांध अपुरा होता, म्हणून कित्येक पावसाळे जहाजं लागली नाहीत.

टर्मिनलच्या टाक्यांना राखीव साठा समजू नये. १.७ लाख घनमीटरच्या टाकीतल्या द्रवाचा साधारण १० कोटी घनमीटर वायू होतो. देशाचा रोजचा वापर त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. म्हणजे एक भरलेली टाकी देशाला अर्धा दिवस पुरेल. तीही पुढच्या जहाजासाठी रिकामी करावीच लागते.

म्हणून मला भूमिगत साठवण हवी वाटते, रिकाम्या झालेल्या वायूक्षेत्रांत. तिथेही नुसतं आकारमान पाहून चालत नाही: दाब टिकवायला बराच वायू कायम आत ठेवावा लागतो आणि साठा उतरला की रोज काढता येणारा वायूही घटतो. युरोपचा 'साठे १ नोव्हेंबरपर्यंत ९० टक्के भरा' हा नियम मात्र उचलू नये. सगळ्यांना एकाच तारखेआधी खरेदी करायची आहे हे बाजाराला कळलं की उन्हाळ्यातच भाव चढतात. २०२५ मध्ये तो नियम सैल करावा लागला.

उचलायचा तो कपातीचा क्रम, टंचाईच्या आधी लिहून जाहीर केलेला. युरोपात घरं शेवटी, आणि त्याला तांत्रिक कारणही आहे: घरगुती जाळ्यातला दाब एकदा गेला की घरोघरी झडप बंद करून, लाइन तपासून, मगच पुन्हा वायू सोडता येतो. खतकारखान्याचा अमोनिया प्लांटही बटण दाबून चालू-बंद होत नाही. थंड झाला की पुन्हा उभा करायला दिवस जातात. पेरणीच्या तोंडावर त्याचा वायू तोडायचा की पर्यायी इंधन असलेल्या उद्योगाचा, हे जहाज अडकल्यावर ठरवलं तर उशीर झालेला असेल.