बोको हराम कुणी घडवली? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार. नायजेरियातल्या बोको हराम या अतिरेकी संघटनेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : संस्थापक मोहम्मद यूसुफला पोलिस कोठडीत मारल्यानंतर ही संघटना चवताळली असं लिहून मी मारेकऱ्यांच्या पापाचं खापर नायजेरियाच्या सरकारवर फोडलं. खरं कारण धर्म आहे आणि तिथले सामान्य मुसलमान गप्प बसले. गरिबीचं तुणतुणं आता पुरे, असंही तुम्ही म्हटलं आहे. तुम्ही तळमळीने लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत तुमची बोळवण करणं बरं दिसलं नसतं.

गरिबीबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. दारिद्र्य सबंध उत्तर नायजेरियात आहे, शेजारच्या नायजर देशात तर त्याहून जास्त आहे. पण ही संघटना जन्मली ती बोर्नो राज्यातल्या मैदुगुरी शहरात. नुसत्या गरिबीने हे घडत असतं तर ते पन्नास ठिकाणी घडलं असतं.

विचारसरणीला मी सूट दिली, हे मात्र मला मान्य नाही. यूसुफ काय शिकवत होता हे मी लेखात लिहिलं होतं, इथे पुन्हा लिहितो. पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण निषिद्ध, लोकशाही निषिद्ध, या सरकारची नोकरी करणंही निषिद्ध. पृथ्वी गोल आहे हे त्याला मान्य नव्हतं. पाणी वाफ होऊन वर जातं आणि त्याचा पाऊस पडतो, हेही नव्हतं. २००९ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत त्याने हे उघड सांगितलं. यातलं काहीही पोलिसांनी त्याच्या डोक्यात भरलेलं नव्हतं. त्याच्या अनुयायांपैकी एक गट २००३ मध्येच योबे राज्यातल्या कनामा गावाजवळ, नायजरच्या सीमेलगत तळ ठोकून राहिला होता. तळ्यातल्या मासेमारीवरून त्यांचा गावकऱ्यांशी तंटा झाला, मग पोलिसांशी, आणि वर्ष संपता संपता त्यांनी पोलिस ठाण्यांवर हल्ले केले. म्हणजे यूसुफच्या मृत्यूच्या साडेपाच वर्षं आधी बंदूक हातात आलेली होती. विष आधीपासून होतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

माझा प्रश्न पुढचा होता. कनामाचं बंड सैन्याने काही दिवसांत मोडून काढलं होतं. अशा मूठभर माणसांची दहा वर्षांत गावंच्या गावं जिंकणारी फौज कशी झाली? याचं उत्तर शोधायचं तर २००९ च्या जून-जुलैत जावंच लागतं.

त्या वर्षी जानेवारीपासून नायजेरियात मोटारसायकलवर हेल्मेटसक्ती झाली. भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्यांना हेल्मेटं परवडेनात, तेव्हा उत्तरेतल्या शहरांत लोक वाळलेल्या भोपळ्याचं कवच डोक्यावर बांधून फिरू लागले. जूनमध्ये मैदुगुरीत यूसुफचे अनुयायी आपल्या मृत साथीदारांचं दफन करायला निघाले होते. हेल्मेट नाही म्हणून सुरक्षा पथकाने त्यांना अडवलं, बाचाबाची झाली, गोळीबार झाला आणि सतराजण जखमी झाले. यूसुफने त्यानंतर सरकारला जाहीर धमकी दिली. २६ जुलैला उत्तरेतल्याच बाउची शहरात पोलिस ठाण्यावर हल्ला झाला आणि पाच दिवसांत चार राज्यांत मिळून सातशेहून अधिक माणसं मेली. मैदुगुरीत रेल्वे स्थानकाजवळची यूसुफची मशीद सैन्याने उद्ध्वस्त केली.

३० जुलैला सैनिकांनी यूसुफला जिवंत पकडलं, त्याची जबानी घेतली, तिचं चित्रीकरणही केलं. मग त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं आणि काही तासांत त्याचं गोळ्यांनी चाळण झालेलं प्रेत पत्रकारांसमोर आलं. पळून जाताना मारला गेला, असं सांगण्यात आलं. त्याचे सासरे बाबा फुगू मोहम्मद स्वतःहून पोलिसांसमोर हजर झाले होते, त्यांनाही मारलं. बोर्नो राज्य सरकारात धार्मिक खात्याचा आयुक्त राहिलेला आणि यूसुफला साथ देणारा बुजी फोई, त्यालाही मारलं.

आता विचार करा. यूसुफला न्यायालयात उभं केलं असतं तर पैसा कुठून येत होता, कुठल्या राजकारण्याने निवडणुकीत त्याच्या माणसांचा उपयोग करून घेतला, हे सगळं बाहेर आलं असतं. ज्यांना ते बाहेर यायला नको होतं, त्यांची सोय झाली. आणि संघटनेला हुतात्मा मिळाला. यूसुफचा हाताखालचा माणूस अबुबकर शेकाऊ वर्षभराने चित्रफितीत प्रकट झाला. सप्टेंबर २०१० मध्ये त्याच्या लोकांनी बाउचीचा तुरुंग फोडला आणि सातशेवर कैदी सोडवले. ऑगस्ट २०११ मध्ये राजधानी अबुजात संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीवर मोटारबाँब घातला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे : १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोर्नोतल्या चिबोक गावच्या शाळेच्या वसतिगृहातून पळवलेल्या २७६ मुली. त्याच्या आधी फेब्रुवारीत योबे राज्यातल्या बुनी यादी गावच्या शाळेत रात्री मुलांची कत्तल झाली. तिची जगाने फारशी दखलच घेतली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं करणारे हात शेकाऊच्या माणसांचे होते, त्यांचा गुन्हा कणभरही कमी होत नाही. पण सैन्य रस्त्यावरून तरुण मुलं उचलत होतं. लष्करी कोठडीत ७,००० हून अधिक माणसं मेली, असं अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेने २०१५ मध्ये नोंदवलं. ज्या आईचा मुलगा मैदुगुरीतल्या लष्कराच्या गिवा बराकीत गेला तो परत आलाच नाही, ती अतिरेक्यांची खबर सैन्याला कशी देईल? हे लिहिणं म्हणजे पाठराखण, असं तुम्हाला वाटत असेल तर आपला मतभेद इथे आहे आणि तो राहू द्या.

आता तुमचा मला सर्वात जास्त खटकलेला मुद्दा : सामान्य मुसलमान गप्प बसले. यूसुफला जाहीर आव्हान देणारा पहिला मोठा माणूस त्याचाच गुरू होता, शेख जाफर महमूद आदम. हाही कट्टर सलफी, म्हणजे इस्लामच्या पहिल्या पिढ्यांसारखंच जगावं असं मानणारा. पण मुसलमानांनी आधुनिक शाळांत शिकलं पाहिजे, सरकारी नोकऱ्यांत गेलं पाहिजे, नाहीतर सत्ता कायम दुसऱ्यांच्या हाती राहील, असं तो प्रवचनांतून ठणकावून सांगत होता. एप्रिल २००७ मध्ये उत्तरेतल्या कानो शहरातल्या मशिदीत पहाटेची नमाज पढताना त्याला गोळ्या घातल्या. यूसुफच्याच माणसांचं हे काम, असं अनेक जाणकार मानतात. कानोचे अमीर, म्हणजे तिथले पारंपरिक मुस्लिम राजे, मुहम्मदू सनुसी दुसरे यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांना स्वसंरक्षणासाठी सज्ज व्हायला सांगितलं. थोड्याच दिवसांत, २८ नोव्हेंबरला, त्यांच्या वाड्याशेजारच्या मोठ्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी बाँब फुटले आणि शंभरावर माणसं मेली. मैदुगुरीतले तरुण तर २०१३ पासून काठ्या-कोयते घेऊन गल्लोगल्ली उभे राहिले, अतिरेक्यांना ओळखून पकडून देऊ लागले. त्यांच्यातल्या काहींनी पुढे लोकांवर अत्याचारही केले, तेही सांगितलं पाहिजे. पण गप्प बसले हे कसं म्हणता येईल?

आणि धर्म हेच कारण असेल, तर याच बोर्नोच्या भूमीवरचा जुना वाद पाहा. १८०४ मध्ये उस्मान दान फोदियोने हौसा राजांविरुद्ध जिहाद पुकारला, त्यातून सोकोतोची खिलाफत उभी राहिली. त्याच्या अनुयायांनी बोर्नोवरही चाल केली. बोर्नो शतकानुशतकं मुसलमानच होतं. तेव्हा तिथला विद्वान सेनानी मुहम्मद अल-कानेमी याने सोकोतोला पत्रं धाडली : आमच्यावर कुठल्या अधिकाराने तलवार उपसता? आमच्यात दोष असतील, पण पापामुळे माणूस काफिर ठरत नाही. असे दोष तर मिसरातही (इजिप्त) आहेत, शामातही (सीरिया) आहेत. दोन्ही बाजू त्याच ग्रंथांचे आधार देत होत्या. दान फोदियो आणि शेकाऊ यांची बरोबरी मी करणार नाही, दान फोदियो लेखक होता, शिक्षक होता. पण मुसलमानाला काफिर ठरवून मारता येतं का, हा प्रश्न तिथे दोनशे वर्षांपूर्वीच लढवला गेला आहे. २०१६ मध्ये याच प्रश्नावर बोको हराम फुटली. यूसुफचा मुलगा अबू मुसाब अल-बर्नावी इसिसच्या पाठिंब्याने वेगळा झाला, कारण शेकाऊ मशिदी आणि बाजारांतही बाँब फोडत होता. मे २०२१ मध्ये बर्नावीच्या गटाने सांबिसाच्या जंगलात शेकाऊला घेरलं आणि त्याने स्वतःला उडवून घेतलं.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक प्रश्न होता : मग या लोकांना काय मिठी मारायची? नाही. शेकाऊ मेल्यावर हजारोंनी शस्त्रं ठेवली, ते मैदुगुरीच्या छावण्यांत आले. त्यांनी उद्ध्वस्त केलेल्या गावांतले बरेच लोक मात्र घरी परतू शकलेले नाहीत. या शरण आलेल्यांपैकी ज्यांनी खून केले, मुली पळवल्या, त्यांच्यावर उघड्या न्यायालयात खटले चालावेत, साक्षी व्हाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये काइंजीच्या लष्करी तळावर खटले सुरू झाले, पण पत्रकारांना बाहेर ठेवून. आणि हीच मागणी मी यूसुफच्या हत्येबाबतही करतो. त्या प्रकरणात पाच पोलिस अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले होते, २०१५ च्या अखेरीस ते सुटले.