टेबलातले एक्सएमएल म्हणजे नुसता मजकूर नव्हे

‘रिलेशनल डेटाबेसमध्ये एक्सएमएल ठेवू नये, तो नुसता मजकूर असतो, त्यात शोध घेता येत नाही, आणि जेसन आल्यापासून त्याची गरजही उरलेली नाही’ हा सल्ला प्रोग्रामरांमध्ये सर्रास दिला जातो. नवे लोक तो प्रमाण मानून डेटाबेसची रचना करतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. रिलेशनल डेटाबेस माहिती ओळी-कॉलमांच्या टेबलांत ठेवतो; एक्सएमएल आणि जेसन या माहिती मजकूररूपात लिहिण्याच्या दोन पद्धती: एक्सएमएलमध्ये ती टॅग म्हणजे उघडत्या-बंद होणाऱ्या खुणांच्या जोडीत असते, जेसनमध्ये नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांत.

नुसता मजकूर हा आरोप जुना झाला. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकाचा एक्सएमएलविषयक चौदावा भाग 2003 साली आला, आणि एसक्यूएल सर्व्हर 2005, डीबी2 9 व पोस्टग्रेस 8.3 या डेटाबेस प्रणालींनी एक्सएमएलला स्वतंत्र डेटा टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार, दिला. उघडलेला टॅग बंद केला नसेल, तर असा दस्तऐवज त्या कॉलममध्ये शिरतच नाही.

शोधाच्या आक्षेपात मात्र थोडे तथ्य आहे. पोस्टग्रेसमध्ये एक्सएमएल टाइपला तुलनेचे ऑपरेटर नसल्याने त्या कॉलमवर थेट इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, करता येत नाही. एक्सपाथने, म्हणजे दस्तऐवजातील नेमका भाग निवडणाऱ्या भाषेने, काढलेले मूल्य मजकुरात बदलून त्यावर तो करावा लागतो. याउलट एसक्यूएल सर्व्हरचा प्राथमिक एक्सएमएल इंडेक्स दस्तऐवजातील घटक सुटे करून अंतर्गत टेबलात ठेवतो. शिवाय पोस्टग्रेस आणि डीबी2 यांतले एक्सएमएलटेबल हे फंक्शन दस्तऐवजातून ओळी काढून देते, आणि त्या इतर टेबलांशी नेहमीसारख्या जोडता येतात.

जेसनच्या मुद्द्याला व्यवहारच उत्तर देतो. यूपीआयचे संदेश एक्सएमएलमध्ये जातात, आणि आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइल म्हणजे डिजिटल सही केलेले एक्सएमएल असते. कायद्याच्या कलमात वाक्याच्या मधोमध दुसऱ्या कलमाचा संदर्भ चिन्हांकित करायचा असेल, तर मजकूर आणि टॅग यांची अशी सरमिसळ एक्सएमएलला सहज जमते. जेसनमध्ये त्यासाठी वाक्याचे तुकडे करावे लागतात.

खरी काळजी घ्यायला हवी ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिच्याविषयी हा सल्ला गप्प आहे. एसक्यूएल सर्व्हरचा एक्सएमएल टाइप मूळ दस्तऐवज अक्षरशः जपत नाही: अनावश्यक ठरवलेल्या मोकळ्या जागा, नेमस्पेसचे उपसर्ग (नाव कोणत्या शब्दसंग्रहातले ते सांगणारी, टॅगच्या नावाआधीची अक्षरे) आणि टॅगमध्येच लिहिलेल्या अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम त्यात टिकतीलच असे नाही. यांपैकी केवळ क्रमाचा फरक सही तपासण्यापूर्वी दस्तऐवज एका ठरावीक रूपात आणणाऱ्या प्रमाणीकरणात मिटतो, पण मोकळी जागा किंवा उपसर्ग बदलला की सही जुळत नाही. म्हणून सही केलेली फाइल बायनरी कॉलममध्ये जशीच्या तशी ठेवावी, आणि रोजच्या क्वेरीला लागणारी रक्कम, तारीख व खातेक्रमांक साध्या कॉलममध्ये काढून घ्यावेत.