साबुदाणा सडवून बनत नाही

आषाढी जवळ आली, श्रावण लागला, नवरात्राचे घट बसले की साबुदाण्याबद्दल एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा : तमिळनाडूत सेलमजवळ रताळ्यासारखे कंद उघड्या खड्ड्यांत महिनोनमहिने सडवतात. रात्री वर मोठे दिवे लावतात, त्यांवर येणारे किडे पाण्यात पडतात. मग अळ्यांसकट तो लगदा कामगार पायांनी तुडवतात, त्याच्या गोळ्या करून पॉलिश करतात. म्हणजे साबुदाणा मांसाहारी. शिवाय तो नकली, कारण खरा साबुदाणा झाडाचा असतो, आणि उपवासाच्या शास्त्रात तो नाहीच. हे वाचून खिचडी कायमची सोडलेली वयस्कर माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सेलम आणि कंद, एवढं खरं आहे. सेलम, नामक्कल, धर्मपुरी भागात टॅपिओका या कंदाची शेती होते आणि देशातला बहुतेक साबुदाणा तिथूनच येतो. पण ‘महिनोनमहिने सडवतात’ हे या कंदाच्या स्वभावालाच धरून नाही. टॅपिओका जमिनीतून काढला की दोन-तीन दिवसांत आतून काळपट पडू लागतो, म्हणून कारखाने शेतांच्या आसपास आहेत आणि माल आला की लगेच किसायला जातो. त्या भागात कंदाचा भावच मुळी त्यातल्या स्टार्चच्या प्रमाणावर, तिथल्या भाषेत ‘पॉइंट’वर, ठरतो. कंद सडला तर त्यातला स्टार्च कमी होत जातो, उरलेला आंबतो आणि रंगाने मळतो. ज्या वस्तूचे पैसे मोजले तीच खड्ड्यात घालवायला कोणता कारखानदार तयार होईल?

प्रत्यक्षात कंद धुतात, सोलतात आणि पाण्याच्या धारेखाली यंत्राच्या दातेरी रोलरवर किसतात. तो पांढरा रस चाळण्यांतून गाळला की चोथा वेगळा होतो, तो गुरांच्या खाद्याला जातो. गाळलेलं पाणी हौदात काही तास स्थिर ठेवतात. स्टार्च तळाशी बसतो, वरचं पाणी सोडून देतात. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना हे सांगायची गरज नाही. आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो, रात्रभर चीक निवळू देतो आणि सकाळी वरचं पाणी ओततो. तेच काम इथे मोठ्या हौदात होतं, आणि गव्हाइतके दिवसही त्याला लागत नाहीत. पुढे तो ओलसर स्टार्च फोडून, कापडाच्या झोळीत हलवून त्याचे मणी करतात, चाळतात, तेलाचा हात फिरवलेल्या गरम तव्यांवर परततात आणि सिमेंटच्या खळ्यावर उन्हात वाळवतात. नायलॉन साबुदाणा परतत नाहीत, वाफवतात.

पायांनी तुडवण्याचा मुद्दा इथेच संपतो. स्टार्च कंदाच्या पेशींत बंद असतो. ताज्या, टणक कंदाच्या पेशी फाडायला किसणीच लागते, तुडवून तो निघणार नाही. दिवे आणि किडे? सडवण्याचे खड्डेच नाहीत, तर त्यांत किडे पडायचे कुठून!

मग हा समज आला कुठून? मला वाटतं, कारखान्याबाहेरच्या सांडपाण्यावरून. त्या पाण्यात थोडा स्टार्च उरतो, तो आंबतो, भयंकर वास येतो, माश्या घोंघावतात. या सांडपाण्याचा आजूबाजूच्या गावांना खरोखर त्रास झाला आहे, आणि त्यावर उपाय म्हणून पुष्कळ कारखान्यांनी त्यातून बायोगॅस काढायला सुरुवात केली. त्या डबक्यांचा फोटो काढून ‘यात साबुदाणा बनतो’ म्हणणं हा तिथे राबणाऱ्या माणसांवर अन्याय आहे.

कंद विषारी असतो, अशी पुस्तीही कधी कधी जोडलेली असते. कच्च्या टॅपिओकात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, हे बरोबर. पण किसणं, भरपूर पाण्यात धुणं, तापवणं आणि वाळवणं यांत ते जवळजवळ सगळं निघून जातं.

‘नकली’ म्हणण्यामागे एक तथ्य आहे. मलाया-इंडोनेशियाकडे ताडाच्या जातीच्या सागो झाडाच्या बुंध्यातल्या गरापासून असेच मणी करतात. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल थांबला आणि 1943च्या सुमारास सेलममध्ये टॅपिओकापासून मणी करण्याचा उद्योग उभा राहिला. 1981मध्ये उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था झाली, 2023मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या आपण हाच साबुदाणा खातो आहोत. त्याला नकली म्हणायचं कारण नाही.

शास्त्राचं म्हणाल तर टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आलेला. जुन्या ग्रंथांत तो सापडणार नाहीच. पण खिचडीतली मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि उपवासाचा राजगिरा हेही अमेरिका खंडांतूनच आले. त्यांना कोणी हरकत घेत नाही. उपवासाला धान्य नको, कंद चालतो, ही आपली रीत आहे आणि साबुदाणा कंदाचाच आहे.

काळजी करायची तर ती वेगळ्या गोष्टींची करा. साबुदाणा पांढराशुभ्र दिसावा म्हणून काही कारखाने ब्लीचिंगची रसायनं वापरतात, कुठे मक्याचा स्टार्च मिसळतात. सेलमच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी अशांवर छापे घातले आहेत. तेव्हा डोळे दिपतील इतका पांढरा साबुदाणा न घेता किंचित मळकट झाक असलेला घ्या, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुऊन मगच भिजत घाला.

दुसरी गोष्ट पोषणाची. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी असतात, प्रथिनं मात्र 1 ग्रॅमसुद्धा नाहीत. मधुमेह असलेल्यांची साखर तो झपाट्याने चढवतो. दाण्याचं कूट सढळ हाताने घालण्याची आपली पद्धत म्हणूनच बरी. मधुमेहींनी खिचडीची वाटी लहान घ्यावी, सोबत दही किंवा ताक घ्यावं, आणि दोन्ही वेळा साबुदाणाच असं करू नये. एका वेळेला भगर-आमटी आहेच.