फाइल तिचीच का?

आज दुपारी नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर चार बोटं जाड फाइल. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. सोनोग्राफ्या, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, भूल देऊन दुर्बीणसुद्धा. सगळं नॉर्मल. नवऱ्याची तपासणी? "तो धट्टाकट्टा हाय बाप्पा. थोडीशी घेते रोज, त्यानं का होते?"

थोडीशी म्हणजे रोज एक क्वार्टर!

त्यानं काय होतं ते वाचा. क्वार्टर, म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल असलेली १८० मिली दारू, यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीत ४० ग्रॅम, तेव्हा "मी फक्त बिअरच घेतो" हे सांगूच नका. वर्षानुवर्षं रोज एवढी गेली की मेंदूकडून वृषणाला येणारे एलएच-एफएसएच या हार्मोन्सचे हुकूम मंदावतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशींना अल्कोहोल आणि त्यापासून होणारं अॅसिटाल्डिहाइड थेट मारक ठरतं. लिव्हर बिघडलं की इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनचं पारडं जड होतं, छाती वाढते, वृषण आक्रसतात. शुक्राणू घटतात, वेडेवाकडे होतात, त्यांचा डीएनए तुटतो. नसा दुखावल्या की ताठरताही जाते, आणि त्या दुःखात माणूस आणखी पितो.

त्या पोरीच्या पोटात दुर्बीण घातली हो! आणि याला एका डबीत वीर्याचा नमुना द्यायची लाज? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. पहिली तपासणी त्याचीही व्हायला हवी, सगळ्यात सोपी तीच आहे.

तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन बंद. नमुना लॅबच्या रुंद तोंडाच्या डबीतच. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम चालत नाही. सुरुवातीचा भाग सांडला तर लॅबला सांगा, बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. घरून आणायचा तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, शर्टाच्या आतल्या खिशात. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवला तर रिपोर्टला अर्थ नाही. २०२१ च्या डब्ल्यूएचओ निकषांत खालची मर्यादा मिलीमागे १.६ कोटी शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करा, एका रिपोर्टवर निकाल लावू नका.

हो, रोज पिणाऱ्यांनाही पोरं होतात. मान्य. दोष तंबाखूच्या खर्ऱ्याचा किंवा व्हेरिकोसीलचाही (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांचा) असू शकतो. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

त्या नवऱ्यावर दात खाऊन लिहायला बसलो होतो. आता वाटतं, त्यालाही हे कुणी नीट सांगितलं नसेल. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस, पुढे पक्व व्हायला दोनेक आठवडे. म्हणून दारू सोडल्यावर तीन महिन्यांनी तपासा. पंधरा दिवसांत रिपोर्ट बदलला नाही म्हणून पुन्हा बाटलीकडे जाऊ नका. बऱ्याच जणांचा सुधारतो. वृषण फार आक्रसले असतील तर पूर्ण भरून येईलच असं नाही. जिमवाल्याच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर अजिबात नको, त्यानं उरलेले शुक्राणूही बंद होतात.

आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, जीवावर बेतू शकतं. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा, औषधांच्या आधारानं सोडा.

उठताना सासूबाईंनीच हळूच विचारलं, "ते डबी लॅबवालेच देतेत का?"

देतात.