हृदयाच्या ऑपरेशनआधी ‘जास्त भूल मागा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या मावशीच्या हृदयाची झडप बदलायची आहे. तिला कुणीतरी एक मेसेज पाठवला. हृदयाच्या ऑपरेशनात मेंदूला इजा होते, भुलेचं औषध ती टाळतं, पण डॉक्टर ते पुरेसं देत नाहीत, असा त्याचा दावा. म्हणून खोल भूल मागा, इंजेक्शनऐवजी गॅस मागा आणि आठवडाभर आधीपासून रोज झोपेची गोळी घेऊन मेंदूला ‘तयार’ करा. मावशीने विचारलं, कुठली गोळी आणू? मेसेज लिहिणाऱ्याचा मला भयंकर राग आला.

गोळीचं आधी, कारण धोका तिथे सगळ्यात जास्त आहे. अशा गोळ्यांनी मेंदू कशासाठीही तयार होत नाही. उलट बेन्झोडायझेपिन या झोपेच्या औषधांच्या गटातल्या गोळ्यांमुळे, वयस्कर माणसांत तर विशेष, ऑपरेशननंतर भ्रम होण्याचा धोका वाढतो. रुग्ण घरच्यांना ओळखत नाही, बडबडतो, नळ्या ओढून काढतो. आणि भूलतज्ज्ञाला न सांगता घेतलेल्या गोळीने त्यांचा डोसाचा अंदाजच चुकू शकतो. ज्यांना अशी गोळी डॉक्टरांनी आधीपासून दिलेली आहे, त्यांनी ती मनानेच बंदही करू नये.

आता खोल भूल. यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. थायोपेंटोनसारख्या भुलेच्या औषधाने मेंदूची ऑक्सिजनची गरज जवळपास निम्म्यावर येते. 1986 साली हृदय उघडून केलेल्या ऑपरेशनांत या औषधाचा फायदा दिसलाही होता. पण 1991 मध्ये बायपासच्या रुग्णांवर तेच करून पाहिलं, तेव्हा पक्षाघात कमी झाले नाहीत. रुग्ण मात्र उशिरा शुद्धीवर आले आणि हृदयाला आधार देणारी औषधं जास्त लागली. आणि 1999 चा अभ्यास तर नेमका मावशीच्याच ऑपरेशनचा. झडपेच्या दोनशेहून अधिक रुग्णांपैकी एका गटाला ईईजीतल्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखातल्या, लहरी मधूनमधून थांबतील इतकं प्रोपोफॉल हे भुलेचं औषध दिलं. मेंदूची इजा त्या गटात कमी झाली नाही. मेसेज ज्याची हमी देतो तेच तपासलं गेलं आणि टिकलं नाही.

टिकणार तरी कसं? हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, म्हणजे महाधमनीला, चिमटा लावताना तिच्या भिंतीवरचे कण सुटतात, हृदय उघडल्यावर हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूतली एखादी रक्तवाहिनी अडते. भुलेने ती मोकळी होत नाही. ईईजी सपाट झाल्यावर आणखी औषध ओतलं, तर ऑक्सिजनची गरज त्याहून खाली जात नाही, रक्तदाब मात्र घसरतो आणि मेंदूचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो.

गॅस की इंजेक्शन? 2019 साली 13 देशांतल्या 5400 बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरातल्या मृत्यूंत फरक नव्हता. मेंदू हा त्याचा मुख्य विषय नव्हता, हे खरं; पण ‘गॅसने जीव वाचतो’ म्हणणाऱ्यांना तेवढं पुरे.

डॉक्टर हात आखडतात, हा आरोप तर निव्वळ खोडसाळ. डोस वय, वजन आणि हृदयाची ताकद पाहून ठरतो.

विचारायचंच असेल तर हे विचारा: महाधमनी आधी अल्ट्रासाउंडने तपासणार का? रक्तदाब किती राखणार? ऑपरेशनात थंड केलेलं शरीर पुन्हा गरम करताना घाई तर होणार नाही ना? मावशीला मी हेच तीन प्रश्न लिहून दिलेत, आणि ती घेते त्या सगळ्या औषधांची यादी.