‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ म्हणे!

आर्किटेक्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. दरवर्षी थिसिसच्या सुमारास तो उगवतोच. मजकूर साधारण असा: ‘डिझाइन कॉम्पिटिशनच्या नादी लागू नका. विजेता आधीच ठरलेला असतो. बड्या नावांपुढे छोट्या फर्मचा निभाव लागत नाही. ज्याचा रेंडर (इमारतीचं कॉम्प्युटरवर काढलेलं हुबेहूब चित्र) भारी, तो जिंकतो. एकदा जिंकलात तर लाइफ सेट; हरलात तर तीन महिन्यांची फुकट मजुरी.’ खाली हात जोडलेली इमोजी आणि ‘पुढे पाठवा’.

मी पुढे पाठवला नाही. आमचं सहा माणसांचं ऑफिस. बारा वर्षांत नऊ स्पर्धांत उतरलो, दोनदा शॉर्टलिस्ट झालो, जिंकलो एकदाही नाही. म्हणजे कडवट व्हायचा हक्क मलाही आहे. पण या मेसेजने जिथे बोट ठेवलंय तिथे दुखणं नाही, आणि खरं दुखणं आहे तिथे तो ‘लाइफ सेट’ म्हणून मोकळा होतो.

पहिला आरोप, विजेता ठरलेला असतो. रीतसर खुल्या स्पर्धेत ड्रॉइंगच्या शीटवर नाव नसतं, फक्त एक नंबर. नावाचं पाकीट वेगळं, आणि ते निकाल ठरल्यावर फुटतं. शंका एका तारखेपर्यंत लेखी पाठवायच्या आणि उत्तरं सगळ्यांना एकदमच मिळतात. 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी 1,421 एन्ट्रीज आल्या होत्या. मांडायला विमानांचा हँगर लागला. 1026 नंबरचं पाकीट फोडलं तेव्हा आत येल विद्यापीठातल्या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीचं, माया लिनचं नाव निघालं. हे कोण कशाला आधी ठरवून ठेवेल?

हा नियम किती कडक असतो, ते मी पदरमोड करून शिकलोय. आमची एक एन्ट्री पहिल्याच छाननीत बाद झाली, कारण सेक्शनच्या (इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगच्या) शीटवर खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीची चौकट, तशीच राहिली होती, ऑफिसच्या नावासकट. अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी. पाच आठवड्यांचं काम त्या दाण्यांवर गेलं. तेव्हापासून पीडीएफ पाठवण्याआधी फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नावसुद्धा कोणीतरी एकजण पुसतो, आणि तो एकजण ड्रॉइंग करणाऱ्यांपैकी नसतो.

मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत कुठे होते, तेही सांगतो. आपल्याकडे टेंडरलाही ‘स्पर्धा’ म्हणतात. टर्नओव्हर इतक्या कोटींचा हवा, अमुक चौरस मीटरचं काम पूर्ण केल्याचा दाखला हवा, आणि शेवटी फी किती ते लिहा. 2019 मध्ये दिल्लीच्या सेंट्रल व्हिस्टाचा, म्हणजे संसद परिसराच्या पुनर्विकासाचा, सल्लागार निवडला गेला तो याच वाटेने, तांत्रिक गुण आणि फी यांची बेरीज करून. खुली डिझाइन स्पर्धा घ्या, ही आर्किटेक्टांची मागणी तेव्हा बाजूलाच राहिली. अशा ठिकाणी छोट्या ऑफिसला दारच बंद असतं, कबूल. पण त्याचा राग खऱ्या स्पर्धेवर काढणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बड्या नावांचं म्हणाल, तर तेही स्पर्धेच्या प्रकारावर ठरतं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या विंगसाठी 2014 मध्ये आठ फर्म निवडून घेतल्या होत्या, त्यात झाहा हदीद, रेम कूलहास अशा जगप्रसिद्ध आर्किटेक्टांची ऑफिसं. तिथे आमच्यासारख्याने अर्ज करण्यात अर्थ नव्हता. उलट दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाची स्पर्धा खुली होती. 427 एन्ट्रीज, ज्युरीचे प्रमुख पुण्याचे क्रिस्टोफर बेनिंजर, आणि एप्रिल 2017 मध्ये निकाल लागला तो चेन्नईच्या ‘वी बी डिझाइन लॅब’ या तरुण फर्मच्या बाजूने. इंडिया गेटशी उंचीत टक्कर न घेता जमिनीलगत राहणारी, एकात एक चार चक्रं. कल्पना एका वाक्यात सांगता येते, हे लक्षात घ्या.

कारण आता रेंडरचा मुद्दा. 427 एन्ट्रीज, प्रत्येकीला तीन मिनिटं दिली तरी एकवीस तास होतात, चहा-जेवण सोडून. पहिल्या फेरीत तुमची शीट कोणी वाचत नाही, सहा फुटांवरून बघतो. तिथे भारी रेंडर नजर थांबवतो, नाही म्हणत नाही. पण त्या थांबलेल्या नजरेला लगेच प्लॅन हवा असतो. सिडनीच्या ऑपेरा हाउससाठी 1957 मध्ये 233 एन्ट्रीजमधून डेन्मार्कच्या यॉर्न उत्झन यांच्या डिझाइनला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षकांनीच अहवालात लिहिलं की ही ड्रॉइंग्ज इतकी साधी आहेत की निव्वळ आकृत्या वाटाव्यात. माया लिनची होती पेस्टलची धूसर चित्रं आणि सोबत एक पान निबंध. (उत्झनची नक्कल करायला जाऊ नका. ऑपेरा हाउसच्या छताची ती कवचं बांधायची कशी हे सुटायला वर्षं गेली, 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर पोचला, आणि 1966 मध्ये उत्झन काम सोडून निघून गेले.)

आमच्या दोन शॉर्टलिस्ट झाल्या त्या दोन्ही वेळा पहिला आठवडा कोणीही स्केच केलं नव्हतं. ब्रीफ, म्हणजे स्पर्धेच्या मागण्या आणि अटींचा मजकूर, छापून भिंतीवर चिकटवलं, एरिया प्रोग्रामची (कोणती खोली किती मोठी, या यादीची) बेरीज स्वतः मारली. एकदा ती चुकीची निघाली: मागितलेल्या खोल्या दिलेल्या एफएसआयमध्ये, म्हणजे त्या जागेवर परवानगी असलेल्या बांधकामात, बसतच नव्हत्या. ती शंका आम्ही विचारली, आणि उत्तरात ब्रीफच बदललं. रेंडर शेवटच्या चार दिवसांत झाला.

आणि आता ‘लाइफ सेट’. हेच या मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य. भाऊ दाजी लाडची ती स्पर्धा अमेरिकेच्या स्टीव्हन हॉल यांनी जिंकली. दहा वर्षं उलटून गेली, भायखळ्याला जाऊन नवी विंग शोधा. दिल्लीत स्मारक 2019 मध्ये झालं, पण त्याच्याच जोडीने घेतलेली युद्धसंग्रहालयाची स्पर्धा मुंबईच्या समीप पाडोरांच्या फर्मने जिंकली होती, ते संग्रहालय रखडलं. आंध्र प्रदेशची नवी राजधानी म्हणून ठरलेल्या अमरावतीच्या सरकारी संकुलासाठी जपानचे फुमिहिको माकी 2016 च्या मार्चमध्ये जिंकले आणि त्याच वर्षी त्यांना बाजूला करून काम ब्रिटनच्या नॉर्मन फॉस्टर यांच्या ऑफिसकडे गेलं. माकी म्हणजे प्रित्झकर, आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार, मिळालेला माणूस! परदेशातही तेच. हेलसिंकीच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयासाठी 1,715 एन्ट्रीज आल्या, 2015 मध्ये पॅरिसचं एक छोटं ऑफिस जिंकलं, आणि पुढच्या वर्षी नगर परिषदेने प्रकल्पच फेटाळला.

म्हणजे घोळ व्हायचा तो बहुतेक वेळा ज्युरी उठल्यानंतर होतो. पैसा कोणाच्या बजेटमध्ये आहे, जागा ताब्यात आहे का, विजेत्याशी करार करणं बंधनकारक आहे का, बांधलं नाही तर भरपाई किती, हे ब्रीफच्या शेवटच्या पानांत असतं. आम्ही आता तिथूनच वाचायला लागतो.

फुकट मजुरीबद्दल मात्र मेसेजशी माझं भांडण नाही. चार माणसं पाच आठवडे, तेही पगारी कामातून वेळ काढून. हिशेब मांडला की पोटात गोळा येतो. म्हणून वर्षाला एक, फार तर दोन. दुसऱ्या फेरीला मानधन असेल तर आधी तिचा विचार. एन्ट्री फी घेणाऱ्या आणि मागे कोणी क्लायंटच नसलेल्या ‘आयडिया’ स्पर्धा विद्यार्थ्यांनी पोर्टफोलिओसाठी कराव्यात, पगार देणाऱ्या ऑफिसने नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ज्युनिअरने एका नाट्यगृहाच्या स्पर्धेचं ब्रीफ आणलं. जागा सुरेख, नदीकाठची. ती तर मेट्रोत बसून सेक्शन काढूनच आली होती. ज्युरीची नावं नव्हती. विजेत्याची नेमणूक होणार का, असं आम्ही विचारलं. नवव्या दिवशी उत्तर आलं: ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या निर्णयानुसार.’ तिने सेक्शन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आम्ही वाडा रिस्टोरेशनच्या अर्धवट शीटकडे वळलो.