कुत्र्याची जात आणि साखळीचे दुसरे टोक

कोणाला कुत्रा चावल्याची बातमी आली की गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : केंद्र सरकारने २३ हिंस्र जातींवर बंदी घातलेली आहे; ही कुत्री रक्तातूनच खुनशी असतात, तिथे मालक बिचारा काय करणार; आणि या जाती हटवल्या की चावे थांबतील.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवून २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्यास सांगितले होते, हे खरे. मात्र संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले गेल्यामुळे कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १६ एप्रिलला ते रद्द केले. काही महापालिकांचे स्वतःचे निर्बंध आहेत, पण तो वेगळा विषय. ती यादीही घाईघाईत केल्यासारखी होती : टोसा ही जपानी जात तीत दोनदा आली होती आणि एका ठिकाणी नुसतेच ‘टेरियर्स’ असे लिहिले होते, म्हणजे शब्दशः पाहिल्यास काखोटीला मारून नेता येणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा हिंस्र ठरला असता.

‘रक्तातच असते’ हे विधान अर्धवट आहे. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि त्यांतील सुमारे दोन हजार कुत्र्यांचा जनुकीय आराखडा ताडून पाहणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एखाद्या कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास भागच जातीवरून सांगता येतो. जबड्याची ताकद आणि वजन मात्र जातीवर अवलंबून असते, हे मान्य केलेच पाहिजे. लखनौमध्ये २०२२ साली घरच्याच पिटबुलने एका वृद्धेचा जीव घेतला, तसे पॉमेरेनियनच्या हातून घडणे अवघड. म्हणून धिप्पाड कुत्रा पाळणाऱ्यावर मुसक्याची आणि आखूड साखळीची जादा सक्ती असावी, असे कोणी म्हणत असेल तर माझा त्याला पाठिंबाच आहे. पण ती सक्ती माणसावर आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे २०१७ चे पैदासविषयक नियम सांगतात. तरीही आईपासून लवकर तोडलेले पिल्लू रुबाबासाठी विकत घ्यायचे, दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवायचे आणि ते गुरगुरले की ‘राखणीला चांगले’ म्हणून कौतुक करायचे, यात कुत्र्याच्या रक्ताचा दोष किती?

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. वरळीतील एका इमारतीत २०१८ साली एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. मूल कुत्र्याला घाबरते, असे सांगूनही शेजाऱ्याने आपला कुत्रा आत ओढून आणला आणि तो त्या गृहस्थांना चावला. तो हस्की होता, म्हणजे २३ जातींच्या यादीत नसलेला. न्यायालयाने २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा सुनावली ती कुत्र्याच्या मालकाला.

याद्यांचा परदेशातला अनुभवही फारसा उत्साहवर्धक नाही. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींना बंदी केली, पण पुढे पैदास करणाऱ्यांनी एक्सएल बुली तयार केला आणि २०२३ च्या अखेरीस त्यालाही यादीत घालावे लागले. नेदरलँड्सने १९९३ पासूनची पिटबुलबंदी २००८ मध्ये उठवली, तर इटलीने २००९ मध्ये यादी रद्द करून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला.

आपल्याकडे ही जबाबदारी कायद्यात पूर्वीपासून आहे. भारतीय दंड संहितेचे कलम २८९ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९१ झाले असून, पाळीव प्राण्याबाबत हलगर्जी करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अडचण आहे ती दिरंगाईची : मुंबईत २०१० साली रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ च्या जानेवारीत. त्यामुळे चावा झाल्यास जखम धुऊन, लस घेऊन झाली की त्याच दिवशी कलम २९१ चा उल्लेख करून लेखी तक्रार द्यावी आणि सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी सोसायटीकडून मागून घ्यावे. वरळीच्या खटल्यात कुत्रा कसा ओढत आत आणला गेला, हे त्या चित्रणातच दिसले होते.